स्वस्तातल्या फर्निचर डॉलीवर वर्कशॉपमधली जड मशीनं हलवणं – माझा अनुभव आणि दोन प्रश्न

मांगरातला मेस्त:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं म्हणत होतो, आता पाऊस तोंडावर आलाय तेव्हा लिहूनच टाकतो. मी गोव्यात फोंडा तालुक्यात राहतो, घरामागे काजूच्या बागेला लागून जुना मांगर (बागेतली कामाची खोपी) होता तो नीट करून त्यात सुतारकाम करतो. जागा आतून बारा बाय अठरा फूट, भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), वर पत्रे, खाली कोबा. एवढ्याशा जागेत बारा इंची रंधा मशीन, खांबवालं ड्रिल मशीन, सागाचं कामाचं टेबल, एक छोटा लेथ, प्लायचे उभे ठेवलेले शीट, आणि पावसाळ्याचे चार महिने घरची स्कूटरपण आतच.

अडचण अशी की पश्चिमेची भिंत जून-जुलैत पाझरते. चिरा पाणी धरून ठेवतो हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, आमच्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, त्यातला बराचसा त्याच दोन महिन्यांत, आणि रंध्याचा कास्ट आयर्नचा टेबल त्या भिंतीपासून हातभरावर. तेल लावा, मेण लावा, आठ दिवसांत तांबूस डाग येतातच. मशीन तिथून तीन फूट पुढे घेतलं की गंज थांबतो हे मी एका वर्षी करून बघितलं, पण ते तीन फूट करायला चार माणसं लागली, आणि नंतर मोठा शीट कापायचा तर मशीन परत मागे. दर वेळी शेजाऱ्यांना कोण हाका मारणार. रंधा मोटर-स्टँडसकट अडीचशे किलोच्या घरात आहे.

मग गेल्या वर्षी ऑनलाइन फर्निचर डॉली मागवल्या, दोन नग अकराशे रुपयांना. लाकडी चौकट, वर गालिच्याचा तुकडा चिकटवलेला, खाली दोन इंची काळी नायलॉनची गोल फिरणारी चार चाकं. पेटीवर लिहिलेलं प्रत्येकी दीडशे किलो. म्हटलं दोन मिळून तीनशे, रंधा आरामात बसेल.

पहिल्या दिवशी इतका आनंद झाला की सांगू नका. प्लायचे आठ शीट एका डॉलीवर आडव्या कडेने उभे करणार होतो, एकोणीस मिमीचा आठ बाय चारचा शीट साधारण ३७ किलो धरा म्हणजे आठांचे तीनशे होतात, तर तसं नको म्हणून चारच ठेवले, आणि एका हाताने ते दाराशी नेले. टेबल एकट्याने फिरवलं. पत्नी बघायला आली तर तिनेच टेबल ढकलून दाखवलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी ड्रिल मशीन हलवताना चाकाखाली चिऱ्याचा खडा आला, फार तर काजूबीएवढा. ते चाक जागच्या जागी अडलं, मी ढकलतच होतो, आणि मशीन पुढे कलंडलं. ड्रिलचं सगळं वजन वर असतं, मोटर वर, हेड वर, खाली बारीक खांब. माझा मुलगा समोर उभा होता. तो बाजूला उडी मारून सरकला म्हणून वाचला, मशीन टेबलाच्या कडेवर आपटलं, हँडल तुटलं, टेबलाच्या कडेला अजून खाच आहे. रात्री झोप लागली नाही मला. हँडल दीडशे रुपयांत मिळालं पण पोराचा पाय तिथे असता तर काय, हेच डोक्यात.

त्यानंतर डॉली फेकून न देता दुरुस्त केल्या. नायलॉनची चाकं काढली, चार इंची पीयूची (पॉलियुरेथेनची) चाकं बसवली, एका डॉलीच्या चार चाकांना हजाराच्या आसपास पडले, म्हणजे चाकं डॉलीपेक्षा महाग. मूळ चाकं साध्या स्क्रूने ठोकलेली होती, त्यातले दोन स्क्रू बोटाने फिरत होते! आता आठ मिमीचे आरपार बोल्ट, वर मोठे वॉशर, नायलॉक (सैल न होणारे) नट. वरून एकोणीस मिमीचा मरीन प्लाय, आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) वाला. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) वापरू नका, आमच्या हवेत एका पावसाळ्यात फुगतो आणि बोल्ट सैल होतात.

प्रश्न दोन. एक, मांगराच्या दाराला सहा इंचाचा उंबरा आहे, पलीकडे अंगण उतरतं, तिथून रंधा बाहेर काढायचा तर काय करू. दोन, चारही चाकं फिरती ठेवू की दोन सरळ ठेवू. अनुभवी मंडळींनी लिहावं.

शुक्रवारचा बाजार:

मेस्ता, पोर वाचलं हे देवाचं देणं. बाकी छान लिहिलंय. मी बार्देशात समुद्राजवळ आहे, आमच्याकडे आणखी एक त्रास, स्वस्त चाकांचे छर्रे दोन वर्षांत गंजून घट्ट होतात, चाक फिरत नाही, नुसतं घासत जातं आणि जमिनीवर रेघ उठते. मे महिन्यात प्रत्येक चाकाला वरच्या फिरत्या भागात आणि मधल्या आसात लिथियम ग्रीस भरतो. ग्रीस भरायचं निप्पल नसलं तर चाक उलटं करून बोटाने दाबून भरायचं. आणि आसाला लाकडाच्या भुशाचा गोळा, धागा, केस काय काय गुंडाळलेलं असतं, ते ब्लेडने कापून काढायचं, निम्मी चाकं त्यानेच जड होतात.

जुना रंधा:

बाळा, आमच्या वेळी डॉली वगैरे काही नव्हतं. दीड इंची जीआय पाइपचे चार तुकडे, एक पहार, दोन पाचरी, एवढ्यावर आम्ही सॉ मिल हलवलेली आहे. पाइप मशीनच्या पूर्ण रुंदीभर टेकतो, भार एका बिंदूवर येत नाही, त्यामुळे खडबडीत जमिनीवर चाकापेक्षा पाइप चालतो. आणि मशीन जमिनीपासून फक्त दोनेक इंच वर असतं, कलंडलं तरी किती कलंडणार. मागचा पाइप सुटला की उचलून पुढे घालायचा, आणि कोणी पुढे उभं राहायचं नाही. एकजण फक्त बोलायला ठेवायचा, सवकास, सवकास (हळू, हळू) म्हणत राहणारा, बाकीच्यांनी त्याचंच ऐकायचं.

डॉलीवर चढवताना काय करतोस ते लिहिलं नाहीस. हात तिथेच चिरडतात, ढकलताना नव्हे.

मांगरातला मेस्त:

काका, बरोबर पकडलंत, ते लिहायचं राहिलं. मी पहारीने मशीनची एक कड इंचभर उचलतो, मुलगा लांब पट्टीने फळीचा तुकडा आत सारतो, हात आत जात नाही, मग दुसरी कड, परत पहिली, असं इंच-इंच करत साडेपाच इंचांपर्यंत. फळ्या उभ्या-आडव्या रचतो, एकाच दिशेने रचल्या तर मनोरा सरकतो. मग डॉली आत. वेळ लागतो पाऊण तास, पण एकट्या मुलाच्या मदतीने होतं. चाकं चार इंची केल्यामुळे उंची वाढली हा तोटा झालाच, दोन इंचीवर साडेतीन इंचांत काम व्हायचं. तुमची पाइपची गोष्ट म्हणून पटते.

यंत्रशाळा:

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला आहे, रोज हेच काम. दोनतीन गोष्टी सांगतो, हिशेबासकट.

पहिलं, चार चाकांवर भार चार ठिकाणी सारखा वाटला जातो असं पेटीवाले धरतात. खरी जमीन सपाट नसते. चारपैकी एक चाक नेहमी थोडं हवेत असतं, भार तिघांवर. म्हणून एकूण वजनाला तीनने भागायचं, आणि जे येईल ते एका चाकाने सहज घ्यायला हवं. तुमचा २५० किलोचा रंधा एका फ्रेमवर असेल तर एका चाकावर ८५ किलो धरा आणि १०० च्या वरचं चाक घ्या.

दुसरं, तो खडा. दहा मिमी उंचीचा खडा समोर आला, चाकावर भार ५० किलो. दोन इंची चाक त्याच्यावर चढवायला आडवा जोर लागतो साधारण ६६ किलोचा. म्हणजे भारापेक्षा जास्त! चार इंची चाकाला तोच खडा ३७-३८ किलोत पार होतो. त्यात जोर तुम्ही वरून लावताय, ड्रिलच्या खांबाला धरून, म्हणजे चाक अडलं की तुमचाच जोर मशीनला उलटं करतो. ढकलायचं तर नेहमी खाली, कमरेच्याही खाली, शक्यतो थेट डॉलीलाच. आणि ढकलण्याआधी झाडू. आमच्याकडे नियमच आहे, लोड हलवायच्या आधी वाट झाडायची, झाडणारा आणि ढकलणारा वेगळे.

तिसरं, फिरत्या चाकाचं एक कोणी सांगत नाही. चाकाचा आस आणि वरचा खुंट एका रेषेत नसतात, चाक थोडं मागे असतं. तुम्ही दिशा उलटी केली की चाक गिरकी घेऊन फ्रेमच्या आत येतं, त्या क्षणाला तुमचा पाया चारी बाजूंनी आतून कमी झालेला असतो. उंच मशीन नेमकं तेव्हाच डुलतं. म्हणून उंच मशीनसाठी डॉली मशीनच्या पायापेक्षा रुंद हवी, चाकं फळीच्या अगदी कोपऱ्यांत हवीत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. लांबट वस्तूला दोन सरळ दोन फिरती, उंच वस्तू अरुंद जागेत वळवायची तर चारही फिरती पण निदान दोनांना ब्रेक.

उंबऱ्याचं. सहा इंच चढायला सहा फुटी फळी लावा, उतार बारास एक. २५० किलोला बाराने भागलं तर २१ किलोचा जोर, वर घर्षणाचे थोडे. तीच फळी तीन फुटी घेतलीत तर चाळीस-पंचेचाळीस. म्हणून फळी जेवढी लांब तेवढी चांगली, मध्ये लवली नाही पाहिजे, खाली टेकू द्या. उतरताना मात्र माणसाच्या जोरावर थांबवायचा विचारही नको.

मांगरातला मेस्त:

दादा, हे ६६ किलोचं वाचून अंगावर काटा आला, मी अगदी खांबाला धरूनच ढकलत होतो. उतरताना मग कसं थांबवायचं?

यंत्रशाळा:

दोर. चांगला, न झिजलेला नायलॉनचा, मशीनच्या फ्रेमला खाली बांधायचा, दुसरं टोक मांगराच्या आतल्या भक्कम खांबाला दोन वेढे घालून हातात. गाठ मारायची नाही, नुसते वेढे. वेढ्यांच्या घर्षणाने मोठा भार एका माणसाच्या हातात राहतो, सैल सोडलं की हळू सरकतं, ताणलं की थांबतं. खांब नसेल तर दाराच्या मागच्या बाजूचा नारळ, पण माडाच्या खोडावर गोणपाट गुंडाळा, दोर अडकत नाही. उताराच्या खाली कोणीही नको, कुत्रंसुद्धा नको.

डिचोलीकर:

पाचरीचं माझ्याकडून. आमच्या जत्रेत रथ ओढतात तेव्हा बघितलंय ना, सगळे दोरखंडाला असतात पण खरा महत्त्वाचा माणूस चाकाजवळ लाकडी ठोकळा घेऊन वाकलेला, रथ चुकीकडे वळला की ठोकळा सारतो. दोरीला बांधलेले दोन ठोकळे करून ठेवा, चाकाच्या पुढे एक मागे एक, म्हणजे हात चाकाजवळ न्यावा लागत नाही.

माझा लेथ तीन फुटी आहे, लोहखनिजाच्या खाणी २०१२ ला बंद पडल्यावर इकडची बरीच गॅरेजं मिटली त्यातल्या एकाकडून घेतला. तो मी डॉलीवर फक्त नेण्यापुरता ठेवतो. जागेवर गेला की परत उतरवून जाड लाकडाच्या ठोकळ्यांवर. एकदा आळस करून ब्रेक लावून डॉलीवरच चालवला, ब्रेक फक्त चाक फिरू देत नाही, वरचा खुंट तर डुलतोच, जॉब (कातायला लावलेला तुकडा) थरथरला आणि टूल आत घुसलं. तेव्हापासून चालतं मशीन कधीही डॉलीवर नाही.

चिकणमाती:

मी सुतार नाही, आमची चित्रशाळा आहे, म्हणजे गणपतीच्या मूर्ती करायची जागा, आमच्या घरात तिसरी पिढी. पण धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

चवथीच्या आधी दोन महिने आमच्याकडे मातीच्या मूर्ती सुकत असतात आणि बाहेर श्रावणाचा पाऊस. ऊन पडलं की दारात, सर आली की आत, दिवसातून चार-पाच वेळा. छोट्या उचलता येतात. मोठी तीन फुटी मूर्ती ओली असताना चौघांनी पाटासकट उचलायची, आणि एकाचा हात जरा वर गेला की मानेला किंवा सोंडेच्या वळणाला केसाएवढी चीर. ती चीर त्या दिवशी दिसत नाही, सुकल्यावर दिसते, रंगाच्या आदल्या दिवशी. दरवर्षी दोन-तीन मूर्तींना ते व्हायचंच आणि ती दुरुस्त करताना बाबांचा चेहरा बघवत नसे, कारण कोणीतरी आधीच आपल्या घरची म्हणून ठरवून गेलेलं असतं.

तीन वर्षांपूर्वी भावाने अशाच डॉली केल्या, पण मेस्तकाका, पीयूची कडक चाकं आमच्या कामाला चालली नाहीत. जमिनीची प्रत्येक खाच मूर्तीपर्यंत पोचते. आम्ही मऊ करड्या रबराची पाच इंची चाकं लावली आणि फळी आणि पाटाच्या मध्ये जुन्या चटईच्या दोन घड्या. ढकलायला थोडं जड जातं पण हादरा बसत नाही. आता मी एकटी मूर्ती उन्हात नेते. आणि एक फायदा आधी सुचलाच नव्हता, रंगवताना मूर्तीभोवती आपण फिरायचं नाही, डॉली फिरवायची, उजेड एकाच बाजूचा राहतो त्यामुळे डोळ्यांची आखणी दोन्हीकडे सारखी येते. गेल्या वर्षी मोठ्या मूर्तींना एकही चीर नाही.

फक्त रात्री मूर्ती डॉलीवर सोडायची नाही. रबर एका जागी दबून चपटं होतं आणि सकाळी पहिल्याच धक्क्याला टकटक करत चालतं.

शिसवी कपाट:

ताई, चपट्या चाकाचं अगदी खरं. मी सासष्टीत जुन्या घरांतलं फर्निचर दुरुस्त करते, शिसवाची कपाटं, शिवणीचे पेटारे. तिथे जमीनच जपायची असते, जुनी रंगीत नक्षीची फरशी, एक तुटली तर तशी दुसरी मिळत नाही. काळं रबर नको, फरशीवर काळा पट्टा उमटतो आणि जात नाही. नायलॉन तर नकोच, चाकात एक वाळूचा कण रुतला की तो ओरखडत पूर्ण खोली पार करतो. करडं रबर, आणि खाली गोणपाट नाही तर जाड पुठ्ठा अंथरून.

कपाटाचे खण आधी बाहेर काढा, दारं दोरीने बांधा. आणि डॉली कपाटाच्या पायांखाली नव्हे, तळाच्या आडव्या पट्टीखाली. जुन्या कपाटाचे पाय सांध्यात सैल असतात, भार आला की बाहेर फाकतात. माझ्याकडून एकदा असा पाय निखळलाय, मालकीणबाई काही बोलल्या नाहीत पण मला आजही तिथे जायला अवघड वाटतं.

शुक्रवारचा बाजार:

एक राहिलं, वायर! मी डॉली ढकलत होतो आणि चाक ग्राइंडरच्या वायरवरून गेलं, बाहेरून काही दिसलं नाही, दोन दिवसांनी आतली तार उघडी पडून ठिणगी. ओल्या जमिनीवर हे जीवावरचं आहे. हलवायच्या आधी सगळे प्लग काढून वायरी खिळ्याला वर टांगायच्या.

जुना रंधा:

शाबास. आणि मेस्ता, कोब्याला भेगा असतील तर आधी त्या बुजव. सिमेंटचं दाट पाणी ओतून पत्र्याने ओढ, चार दिवस ओलं ठेव. चाकावर दोन हजार खर्च करशील आणि भेग तशीच ठेवशील तर काय उपयोग.

मांगरातला मेस्त:

काका, तुम्ही म्हणालात तसं परवा भेगा भरल्या, आज पोत्यावर पाणी मारून ओल्या ठेवल्यात. दाराला सहा फुटी फळी केली, खाली मध्ये चिऱ्याचा टेकू, कडेला दोन्हीकडे इंचभर पट्टी ठोकली की चाक बाहेर घसरू नये. दोराचा प्रयोग आधी रिकाम्या डॉलीवर वाळूच्या चार गोण्या ठेवून केला. एका वेढ्याला हात थोडा ओढला गेला, दोन वेढ्यांना मुलानेसुद्धा धरून ठेवलं. मग काल सकाळी रंधा बाहेर आणला, दोघांनी, अठरा मिनिटांत. ठोकळे दोरीला बांधूनच वापरले, डिचोलीकर दादा. मुलगा झाडू घेऊन पुढे, मग बाजूला, मी मागे खाली वाकून. कोणी बोललं नाही, फक्त तो सवकास म्हणत होता.

अंगणात उजेडात मशीन उलटंपालटं बघता आलं, भिंतीकडची बाजू मी सहा वर्षांत बघितलीच नव्हती. मोटरच्या पाठीमागे पत्र्याला बोट जाईल एवढं भोक पडलंय गंजाने. ते आता वेल्डरकडे.

ड्रिल मशीनसाठी वेगळी डॉली करतोय, दोन फूट बाय दोन फूट, चाकं कोपऱ्यात, खांबाचा पाया फळीला बोल्टने आवळायचा. फळी कापून झाली, ब्रेकवाली चाकं फोंड्याच्या दुकानात दोनच मिळाली, उरलेली दोन सोमवारी येतील म्हणाला. यंत्रशाळा दादा, ब्रेकवाली दोन एकाच बाजूला लावू की तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत?

यंत्रशाळा:

तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत. एकाच बाजूला लावलीत तर दुसरी बाजू गोल फिरते. आणि ब्रेकचा पाय बाहेरच्या दिशेला येईल असं चाक फिरवून तपासा, फळीखाली गेला तर पायाने दाबता येत नाही.